हाताला कळलं पाहिजे

आपल्या पालीच्या नाक्यावर रस्ता फुटतो. सरळ गेलं तर लांजा, राजापूर आणि पुढे गोवा. वळलं तर नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर. शाळा सुटल्यावर एस.टी.ची वाट पाहत आपण सगळे तिथे उभे राहिलो आहोत आणि कोल्हापूरच्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या आहेत. घाटावर काय आहे हे तेव्हा फारसं माहीत नव्हतं. गूळ आणि भाजीचे टेंपो तिकडून येतात, एवढंच.

त्या रस्त्याने कोल्हापूर मागे टाकून सांगलीच्या अंगाला गेलं की पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी नावाचं रेल्वे स्टेशन लागतं. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहायला बसले होते. पण त्या माझ्यापेक्षा रंगवून लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून ठरवलं, की ज्यांचा आपल्या शाळेशी काही संबंध नाही अशा एका माणसाबद्दल लिहावं. त्यांचं आडनाव मात्र आपल्यातल्या बहुतेकांनी जोडाक्षरं वाचायला शिकताशिकताच वाचलेलं असणार, वाडीतल्या कुणाच्या तरी विहिरीवरच्या पंपाच्या पट्टीवर. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. आडनाव पाहिलं तर कोकणातलंच. किर्लोस हे गाव आपल्या खालच्या अंगाला, मालवण तालुक्यात आहे.

त्यांच्याबद्दल का लिहायचं, हे सांगायला आधी एक कबुली द्यावी लागेल. मी संगणक शाखेची इंजिनीअर. पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना वर्कशॉप असायचं. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून काटकोनात आणायच्या आणि एकमेकींत अशा बसवायच्या की मधून उजेड दिसता कामा नये. दोन आठवडे घासून माझ्या तळहाताला फोड आले, पट्टी काही काटकोनात आली नाही. शेवटी एका वर्गमित्राने ती घासून दिली. मी जर्नलमध्ये तिची आकृती सुबक काढली. गुण चांगले पडले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं. ते वाटायला लागलं दोन वर्षांपूर्वी. ते शेवटी सांगते. आधी लक्ष्मणराव.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचंही तेच गाव. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पुस्तकात लागेना. त्याला चित्रं काढायची होती आणि यंत्रं कशी चालतात ते पाहायचं होतं. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि त्यांच्या मदतीने १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोनेक वर्षांत तिथे एक विचित्र अडचण पुढे आली. त्यांना काही रंगांमधला फरक कळत नव्हता. डोळ्यांचाच दोष, त्याला औषध नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या दृष्टीने ही वाट संपल्यासारखीच होती. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. यंत्रांच्या आकृत्यांना रंग लागत नाही; माप लागतं, कोन लागतो आणि मागच्या बाजूला काय असेल ते डोळ्यांपुढे आणता यावं लागतं. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि त्यात इतके तयार झाले, की १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्ही.जे.टी.आय. म्हणतो तिथे, हाच विषय शिकवायला त्यांची नेमणूक झाली. पगार महिना ४५ रुपये.

मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि चरित्रं सांगताना तो दोन ओळींत उरकला जातो. पगारी, सुरक्षित, मानाची नोकरी होती. कागदावर यंत्र काढायचं आणि मुलांना काढायला शिकवायचं, एवढंच काम. पण तास संपला की हे मास्तर संस्थेच्या यंत्रशाळेत जाऊन उभे राहत. जे यंत्र आपण फळ्यावर काढतो ते खोलायचं, जोडायचं, चालवायचं. शिकवणाऱ्याने कारागिरांमध्ये जाऊन हात काळे करणं हे त्या काळात काही साधं नव्हतं. लिहिणारे आणि वाचणारे एका बाजूला, हाताने करणारे दुसऱ्या बाजूला, अशी आपल्याकडे पक्की वाटणी होती. खरं तर अजून आहे. लक्ष्मणराव ती रेघ रोज ओलांडत. परदेशी यांत्रिक मासिकं मागवून वाचत आणि वाचलेलं करून बघत. यंत्रविद्येची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

त्याच सुमारास मुंबईत सायकली दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांना ते वाहन फार आवडलं. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं छोटंसं दुकान काढलं. नाव किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवत, रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. शिकवणीचे पंधरा रुपये पडत. मास्तरांच्या ४५ रुपये पगाराशी ताडून पाहा, म्हणजे ही शिकवणी किती महाग होती ते कळेल. आणि तिचं काही पुस्तक नव्हतं. सायकल कशी तोलावी हे कुणी कितीही समजावून सांगितलं तरी गुडघे फुटल्याशिवाय येत नाही. आपल्यातल्या ज्यांनी भाड्याची सायकल घेऊन शाळेच्या मैदानात धडपडत शिकून घेतलं, त्यांना वेगळं सांगायला नको.

व्ही.जे.टी.आय.मध्ये दहाएक वर्षं झाली. बढतीची जागा निघाली. ती लक्ष्मणरावांची होती, पण मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला परतले. वय अठ्ठावीसच्या आसपास, घरसंसार पाठीशी, हातात सायकलींचं दुकान आणि यंत्रशाळेत उभं राहून मिळवलेलं ज्ञान.

सायकली दुरुस्त करता करता त्यांनी एक छोटा कारखाना उभा केला. पहिली मोठी वस्तू निघाली ती कडबा कापण्याचं यंत्र. कडबा आखाच्या आखा टाकला की गुरं पाला खातात आणि दांडे तुडवून वाया घालवतात. बारीक तुकडे केले तर सगळा पोटात जातो. यंत्र साधं, उपयोग डोळ्यांना दिसणारा. मग १९०३ मध्ये आला लोखंडी नांगर, आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली.

आपल्याकडचा लाकडी नांगर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो जमीन उकरतो, रेघ मारतो. आपल्या भातखाचरांत, चिखलात, तेवढं पुरतं. पण देशावरच्या काळ्या, भारी जमिनीत हरळी आणि कुंद्यासारख्या तणांची मुळं खोल गेलेली असतात. तिथे नुसती रेघ मारून भागत नाही. मातीचा थर कापून उलटा करावा लागतो, म्हणजे तण खाली गाडलं जातं आणि खालची माती वर येते. हे काम लोखंडी नांगराच्या वळणदार पत्र्याने होतं. विलायती नांगर तेव्हा मिळत होते. लक्ष्मणरावांचं म्हणणं असं, की अवजार जिथे वापरायचं तिथल्या मातीला आणि बैलांना धरून ते बनवलं पाहिजे. म्हणजे नुसती नक्कल करून चालणार नव्हतं. ओतकाम शिकणं आलं.

ओतकाम म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय या माणसाने काय अंगावर घेतलं ते कळणार नाही. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा. तो वाळूत दाबून, काढून घेऊन पोकळी करायची. भट्टीत लोखंड वितळवून त्या पोकळीत ओतायचं. वाळूत पाणी जास्त झालं तर वाफ होऊन लोखंडात भोकं पडतात; कमी झालं तर कडा ढासळतात. लोखंड लवकर थंड झालं तर पृष्ठभाग कडक होतो, पण ठिसूळही होतो. हळू थंड झालं तर मऊ राहतो आणि जमिनीत लवकर झिजतो. नांगराचा फाळ कडक हवा, पण दगडाला लागून तुटायला नको. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची. मूठभर वाळू दाबून ती ओतायजोगी झाली की नाही हे हाताला कळावं लागतं. आणि ते हाताला कळायला बरेच साचे वाया घालवावे लागतात.

नांगर तयार झाला आणि कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढेल, ती नापीक होईल, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आमच्या धंद्यात एखादी गोष्ट दोन महिन्यांत कुणी वापरली नाही तर ती बंद करतात आणि करणाऱ्यांना दुसरीकडे पाठवतात. शेतकऱ्यांना हसणंही सोपं आहे, पण त्यांच्या बाजूने विचार केला तर त्यांचं वागणं समजतं. एक हंगाम फसला तर वर्षभर खायचं काय? ज्याची जमीन पणाला लागलेली असते तो ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. शेजाऱ्याच्या शेतात पाहिल्याशिवाय, हातात मूठ धरल्याशिवाय त्याची खात्री पटत नाही. लक्ष्मणराव स्वतः तसेच शिकले होते, त्यामुळे त्यांना हे उमगलं असावं असं मला वाटतं. त्यांनी नांगर सोडला नाही. हळूहळू मागणी येऊ लागली.

तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. नवी जागा मिळेना. त्या काळात औंध संस्थानात बांधकामाचं एक काम लक्ष्मणरावांकडे आलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी आपल्याला माहीत असलेले, स्वतः चित्रकार होते आणि माणसाची पारख असलेले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात कारखाना काढायला बोलावलं, बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली.

जमीन म्हणजे निवडुंग आणि माळ. साप, नाग भरपूर. पाण्याची वानवा. १९१० मध्ये किर्लोस्कर मंडळी बायकामुलांसह तिथे जाऊन राहिली. लक्ष्मणरावांना तेव्हा एकेचाळिसावं वर्ष चालू होतं. माझ्या आताच्या वयाच्या जवळपास. या वयात माणूस घराचे हप्ते मोजतो, गुडघ्यांची तक्रार करतो आणि नवीन काही शिकायचं म्हटलं की मुलांकडे बोट दाखवतो. हे गृहस्थ माळावर निवडुंग तोडून गाव वसवायला निघाले होते. आणि गाव वसवणं हे कामही त्यांना आधी कुठे येत होतं? रस्ते, पाणी, घरं, दवाखाना, शाळा, सगळं करताकरताच शिकायचं. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. त्या गावात अस्पृश्यता पाळायची नाही असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. आज वाचायला हे सोपं वाटतं. १९१० मध्ये नव्हतं.

या गावात जमलेली माणसं पाहिली की लक्ष्मणरावांची शिकण्याची कल्पना नीट कळते. शंभूअण्णा जांभेकर इंजिनांचे जाणकार. बंद पडलेलं इंजिन त्यांचा हात लागला की सुरू व्हायचं, असा लौकिक. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले. तिथे ते कल्पक यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी यांचंही शिक्षण पूर्ण झालेलं नव्हतं. विक्रीच्या कामात त्यांनी नाव काढलं. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं आणि ती विश्वासाची रखवालदार ठरली. म्हणजे कागद बघून माणूस घ्यायचा ही पद्धतच नव्हती. काम द्यायचं, करू द्यायचं, आणि काय होतं ते पाहायचं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसा विलायती माल येणं कमी झालं. देशी नांगराला मागणी वाढली, पण लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्याची हकिगत आहे. तोफा वितळून नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी वाडीहून एक मासिक सुरू केलं, तेच पुढे किर्लोस्कर म्हणून घराघरात गेलं; १९३० मध्ये स्त्री मासिकही निघालं. नांगर करणाऱ्या गावातून मासिकं निघावीत याचं आज नवल वाटतं. पण यंत्र करणारे आणि लिहिणारे वेगळे, ही वाटणी त्या गावाने मानलीच नव्हती.

नांगरामागून उसाचे चरक आले, शेंगा फोडण्याची यंत्रं आली, आणि १९२६ मध्ये आला पाण्याचा पंप. आपल्या वाडीतल्या पंपांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणा ना. लक्ष्मणराव तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. त्यांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन वाडीला परतला. बापाकडे पदवी नव्हती, मुलाकडे जगातल्या उत्तम संस्थेची होती. लक्ष्मणरावांनी पदवीला कमी लेखलं नाही, हे यातूनच दिसतं. नाहीतर मुलाला इतक्या लांब कशाला पाठवलं असतं? त्यांचा आग्रह एवढाच दिसतो, की शिकलेलं भट्टीपर्यंत पोचलं पाहिजे. पुढे १९४१ मध्ये हरिहरला यंत्रांची यंत्रं करणारा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्याला तेल-इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

हे सगळं मी वाचलं ते दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यानंतर. आता ते सांगते.

त्या वर्षी मला एक बढती मिळेल असं मी धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. कारण विचारलं तर ते बरोबर निघालं, हे जास्त लागलं. गेली दहा वर्षं मी कामं वाटत होते, तपासत होते, आकृत्या काढत होते. स्वतः प्रोग्रॅम लिहून बरीच वर्षं झाली होती. नवी साधनं आली होती, त्यांची नावं आणि उपयोग मला तोंडपाठ होते. हात लावलेला नव्हता. म्हणजे माझी पट्टी अजून दुसराच कुणीतरी घासून देत होता आणि मी जर्नल सुबक लिहीत होते.

रजा टाकून पालीला आले. बाबांचा उजवा हात आदल्या वर्षापासून चालत नाही. मे महिना; विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, कलमांना पाणी द्यायचं, आणि पंप नुसता घरघरत होता, पाणी चढत नव्हतं. दुरुस्ती करणारा माणूस दोन दिवस येणार नव्हता. आमच्या पंपाच्या पट्टीवरची अक्षरं गंजून कधीच गेली आहेत, पण दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता. पंप पाणी ओढतो म्हणजे काय, हे मी इंजिनीअरिंगला शिकले होते. आतला पंखा फिरून पाणी बाहेर फेकतो, मध्यभागी दाब कमी होतो आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी नळीतून वर ढकलते. म्हणून आत आधी पाणी भरलेलं असावं लागतं. हवा असेल तर पंखा नुसता फिरतो. आणि हवेच्या जोरावर पाणी दहा मीटरच्या वर चढूच शकत नाही, व्यवहारात सहा-सात मीटरच धरायचे. म्हणून पाणी खाली गेलं की पंपही खाली उतरवावा लागतो. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. बाबा सातवी पास. त्यांनी ते कधी लिहिलं नव्हतं, पण दर उन्हाळ्यात केलं होतं.

ते पडवीतून काठावर येऊन खुर्चीत बसले आणि सांगत गेले. मी जांभ्याच्या पायऱ्या उतरून खाली. कळशीने पाणी भरलं. भरतच राहिलं, नळी भरेना. वरचं पाणी खाली निघून जात होतं. मी पंप उघडायला पान्हा शोधू लागले. बाबांनी थांबवलं आणि नळीच्या खालच्या टोकाला हात घालायला सांगितलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून हात घातला. फुटव्हॉल्व्हच्या झडपेत आंब्याचं वाळकं पान अडकलं होतं. झडप मिटत नव्हती, म्हणून पाणी टिकत नव्हतं. पान काढलं, पुन्हा भरलं. दुसऱ्या खेपेला मी झाकणाचा बोल्ट घाईने आवळला आणि तिथून हवा शिरली. तिसऱ्या खेपेला नळीत घरघर बदलली, आवाज जड झाला. बाबांनी वरून आवाजावरूनच ओळखलं की पाणी चढलं, आणि मग पाटात पाणी आलं. त्या जड आवाजाला पुस्तकात आकृती नाही. तो आता मला कळतो. या वर्षी एका खेपेत पंप सुरू केला.

रजेवरून परतल्यावर मी वरिष्ठांना सांगून सहा महिने स्वतः प्रोग्रॅम लिहायचं काम मागून घेतलं. माझ्या हाताखालची मुलं शेजारी बसून माझ्या चुका दाखवत. पहिल्या महिन्यात कान लाल व्हायचे. बढती अजून मिळालेली नाही. पण आता काम वाटताना ते किती वेळ घेईल आणि कुठे अडेल, हे मला खरंच माहीत असतं.

लक्ष्मणरावांचं मोठेपण कारखान्यांच्या संख्येत सांगितलं जातं. मला ते दुसरीकडे दिसतं. रंग, रेषा, सायकल, ओतकाम, गाव, पंप. प्रत्येक वेळी हा माणूस पुन्हा पहिलीत जाऊन बसला, आणि तेही चारचौघांत. न विकलेला नांगर दोन वर्षं दुकानात ठेवून त्याच्याकडे रोज बघायला काय लागतं, ते त्या विहिरीत उभी राहिले तेव्हा मला थोडंसं कळलं.

म्हणून मेळाव्यासाठी माझी एक सूचना आहे. आपल्या तुकड्यांमधून गॅरेजवाले, वायरमन, शिवणकाम करणारे, गवंडी, कलमं बांधणारे, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे झालेले कितीतरी जण आहेत. सत्काराला स्टेजवर बहुतेक आमच्यासारखे पुण्या-मुंबईचे बसतात, ते मागच्या खुर्च्यांवर. शाळेतली एक खोली मिळवू या. एक मजबूत टेबल, एक शेगडा, पान्ह्यांचा एक संच, दोन जुन्या मोटारी, एक शिलाई मशीन, दोन जुने संगणक. महिन्यातून एका शनिवारी आपल्यातल्या एकाने यावं आणि मुलांना खोलू द्यावं, बिघडवू द्यावं, जोडू द्यावं. खर्चाचा माझा वाटा मी देतेच, पण नुसते पैसे देणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याकडून पट्टी घासून घेणं. दर दोन महिन्यांनी एक शनिवार मी येईन. संगणक उघडून दाखवीन.

आणि ज्या शनिवारी आपला गॅरेजवाला मित्र येईल, तेव्हा मीही मुलांच्या रांगेत बसेन. मला कानस धरायला शिकायचं आहे. ती पट्टी अजून काटकोनात यायची आहे.